नळ गळका ठेवणेबाबत

मी आळशी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एखादं काम माझ्यासारखं वर्षभर लांबवून दाखवावं. आळशी माणसाला ते झेपणार नाही. काम करून टाकलं की डोक्यातून जातं. लांबवलेलं काम मात्र सकाळी आपल्याबरोबर उठतं, आपल्याबरोबर दात घासतं, ऑफिसला येतं आणि जेवायला समोर बसतं. त्याची रोज समजूत काढावी लागते, आणि कालचं कारण त्याला आज चालत नाही. एवढी मेहनत करणाऱ्याला आळशी म्हणणं हा अन्याय आहे. तो माझ्यावर माझ्याच घरात, सकाळचा चहा गाळता गाळता होत असे.

प्रकरण नळाचं होतं. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याला लागून जे सिंक आहे, त्याचा नळ गळायचा. धो धो नाही. एक थेंब पडायचा, जरा दम खायचा, मग दुसरा पडायचा. खाली आईने स्टीलचं तपेलं ठेवलेलं असे आणि त्यात तो 'टण्' करून वाजायचा. तपेल्याच्या तळाशी थोडं पाणी साठलं की आई ते उचलून गॅलरीतल्या कुंड्यांना घाली आणि रिकामं तपेलं परत जागेवर ठेवी. कुंड्यांतली झाडं या प्रेमाने बुडायला आली होती. एक तर पार सडलं, पण तक्रार करणार कुणाकडे.

बायको सुरुवातीला पूर्ण वाक्य बोलायची. "अहो, त्या नळाचं एकदा काहीतरी करा ना." काही दिवसांनी ते "अहो, नळाचं" वर आलं, मग "अहो, नळ" वर, आणि शेवटी ती नुसतं "अहो" म्हणून सिंककडे बघायची. मी "उद्या" म्हणायचो. माझं उत्तर पहिल्यापासून एकाच शब्दाचं होतं, त्यामुळे ते आणखी आखूड करता आलं नाही.

माझ्या बाजूने बोलणारं घरात एकच माणूस होतं. "राहू दे गं," आई तिच्या खोलीतून म्हणायची, "दिवसभर राबून आलाय तो. उद्या बघेल." लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी आई पाठीशी आहे, या विचाराने मला भरून यायचं. ऑफिसात मी काय राबतो हे तिला ठाऊक नव्हतं हे बरंच होतं. माझं टेबल 'प्रलंबित प्रकरणे' या पाटीखाली आहे. जी प्रकरणं कुठल्याच टेबलावर सुटत नाहीत ती माझ्याकडे येतात आणि माझ्याकडे राहतात. तिथे मला कुणी आळशी म्हणत नाही, तिथे मला अनुभवी म्हणतात.

समोरच्या काकूंना आमच्या नळाचा आवाज त्यांच्या दारातून ऐकू यायचा, असं त्या म्हणायच्या. त्यांनी एक उपाय सांगितला. नळाच्या तोंडाला दोरा बांधायचा आणि त्याचं दुसरं टोक तपेल्यात सोडायचं, म्हणजे थेंब दोऱ्यावरून गुपचूप घसरत खाली जातो. बायकोने लगेच दोरा बांधला. थेंब खरंच मुका झाला. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोरा नाही.

"मीच कापला," आई म्हणाली. "ओला दोरा कुजतो. वास येतो."

बायकोने मग तपेल्याच्या जागी प्लॅस्टिकची बादली ठेवली, तीही दुपारपर्यंत बाथरूममध्ये परत गेली होती आणि तपेलं आपल्या जागी टण् टण् करत होतं. "भांडं कसं, स्टीलचं बरं," एवढंच आई म्हणाली. सासूबाईंचं हल्ली काय चाललंय असं बायकोने माझ्याकडे डोळ्यांनीच विचारलं, आणि वय झालं असं मी खांद्यांनी सांगितलं. त्या वर्षात आई तशी हट्टीच झाली होती. पेपर हातात घेईना. "त्यात काय मेलं असतं, तूच वाच मोठ्याने," म्हणायची. तांदूळ निवडायचे सोडले. हल्ली स्वच्छच येतात म्हणे. पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाला ठेच लागली की "हे कुणी सरकवलं?" असं दरडावून विचारायची. ते कपाट भिंतीत ठोकलेलं आहे. पण आईशी वाद कोण घालणार. मी एकदा ते सरकवल्याचं कबूलही करून टाकलं.

नळाच्या कामाला खरी गती आली ती वरच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांमुळे. ते मानसशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत, आणि शिकवायला कुणी नसल्यामुळे जिन्यात थांबतात. बायकोने त्यांच्या पत्नीकडे माझं गाऱ्हाणं नेलं असावं, कारण एक दिवस त्यांनी मला कठड्याशीच गाठलं.

"चालढकल म्हणजे आळस नव्हे," ते म्हणाले.

या वाक्यावर मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

"चालढकल म्हणजे भीती. माणूस काम टाळत नाही. कामाच्या मागे जे उभं असतं, ते टाळतो. तुम्ही मला सांगा, तुमच्या नळामागे काय आहे?"

"भिंत," मी म्हणालो.

"आणखी विचार करा."

मी विचार केला. "भिंतीमागे इमारतीच्या सेक्रेटरींचं न्हाणीघर आहे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले की कारण सापडत नसेल तर निदान दोन मिनिटांचा नियम तरी पाळा. जे काम दोन मिनिटांत होण्यासारखं आहे, ते पुढे टाकायचं नाही, त्याच पावली करायचं. नळाचा वायसर बदलायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. हाच विषय घेऊन त्यांना एक पुस्तक लिहायचं होतं. कधी लिहिणार असं मी विचारलं तेव्हा त्यांना एकदम दूध आणायचं आठवलं.

मी त्याच पावली घरी गेलो. नळ उघडण्याआधी पाण्याची चावी बंद करावी लागते एवढं मला माहीत होतं. ती ओट्याखाली, तेलाच्या डब्यामागे होती आणि इमारत बांधली तेव्हापासून तिला कुणी हात लावला नसावा. मी आधी हाताने फिरवली, मग फडक्याने धरून फिरवली, मग बायको बघतेय म्हणून फिरवली. ती फिरली, आणि माझ्या हातात आली. आमच्या नळाचा थेंब चालूच राहिला. बंद झालं ते भिंतीपलीकडचं पाणी. इमारतीचे सेक्रेटरी त्या वेळी अंघोळ करत होते आणि त्यांनी नुकताच डोक्याला साबण लावला होता.

ते टॉवेलवर आमच्या दारात आले. डोळे घट्ट मिटलेले, कपाळावरून फेस उतरतोय. हा माणूस आयुष्यात एकही काम पुढे न टाकणारा. पत्र आलं की उभ्या उभ्या उत्तर लिहितो, नोटीस सुचली की जिन्यातच लावतो. त्यांनी तशा अवस्थेतही मला इमारतीचे नियम सांगितले. पाइपाला हात लावायचा तर लेखी अर्ज हवा. अर्ज समितीपुढे जाणार. मात्र गळका नळ म्हणजे पाण्याची नासाडी, त्यामुळे तो ताबडतोब दुरुस्त झाला पाहिजे.

"मग अर्जाचं उत्तर येईपर्यंत मी काय करू?"

"ताबडतोब दुरुस्त करा," ते म्हणाले, "पण पाइपाला हात लावू नका."

तेवढ्यात आई भिंतीला हात लावत पॅसेजपर्यंत आली. "नळाचं काही बिघडलेलं नाही हो," ती सेक्रेटरींना म्हणाली. "पाणी झाडांनाच जातं आमच्या. कुणाचं काही अडत नाही. उगाच कशाला घाई." बोलताना ती सेक्रेटरींकडे बघत नव्हती, त्यांच्या बाजूला दाराशी टांगलेल्या छत्रीकडे बघत होती. परपुरुष टॉवेलवर उभा आहे म्हणून ती नजर टाळतेय असं मी समजलो, आणि माझ्या मनात तिच्याविषयी आदर वाढला.

पाणी कसंबसं परत सुरू झालं. सेक्रेटरींनी त्यांच्या बाजूने कुठली तरी चावी फिरवली. आता प्लंबरला बोलावणं भाग होतं. प्लंबर मोठा नम्र माणूस. फोन केला की "आलोच साहेब, वाटेतच आहे" म्हणायचा. मी त्याच्यासाठी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'नळ' असं लिहिलं, तर आमचे साहेब म्हणाले, हे कारण पुरेसं स्पष्ट नाही, तूर्त प्रलंबित ठेवू. आणि माझा अर्ज रीतसर माझ्याच टेबलावर आला. तरी मी घरी राहिलो. दिवसभर दाराकडे कान लावून बसलो. वाट बघताना दाढी करता येत नाही, कारण साबण लावला की बेल वाजणार. अंघोळ करता येत नाही. आडवं होता येत नाही. संध्याकाळी मी पारोसा, दाढी वाढलेला असा सोफ्यावर बसलेलो असताना बायको कामावरून आली आणि म्हणाली, "दिवसभर असेच बसून होता?"

असं पुन्हा पुन्हा झालं. मी घरी असलो की तो यायचा नाही आणि फोनवर म्हणायचा, "काल येऊन गेलो ना साहेब." मी बायकोला म्हणालो, माणूस चालढकल करतो ते ठीक, पण खोटं बोलू नये. मला त्याचा खरोखर राग आला होता. आपल्या धंद्यात दुसरा कुणी आपल्यापेक्षा वरचढ निघाला की येतो तसा.

शेवटी एका रविवारी सकाळी, मी दाढी करत असताना, तो आला. पाना लावला, जुना वायसर काढला, नवा बसवला, नळ घट्ट केला. प्राध्यापकांची दोन मिनिटंसुद्धा पुरी लागली नाहीत. मी तोंडाला साबण तसाच ठेवून त्याला म्हणालो, "एवढ्या कामासाठी मला इतकं झुलवलंत होय?"

"मी कुठे झुलवलं साहेब? कितीदा तरी आलो. तुम्ही ऑफिसला गेलेले. आजीच परत पाठवायच्या. आज नको, उद्या या म्हणायच्या."

मी आईच्या खोलीत गेलो. ती पलंगावर बसली होती, हात मांडीवर.

"तू प्लंबरला परत पाठवलंस?"

"तुम्ही घरात नसताना कशाला अनोळखी माणूस आत घ्यायचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "झाला का नळ?"

"झाला. एकदम ठणठणीत."

"बरं झालं," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला होता, आणि मला वाटलं, आता कुंड्यांना पाणी कुठून घालायचं याची तिला काळजी लागली असेल.

स्वयंपाकघरात अशी शांतता पसरली होती की मला मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. बायको ओट्याशी उभी राहून नुसती हसत होती. मला वाटलं, हा क्षण साजरा झाला पाहिजे, आणि तो शत्रूसमोर झाला पाहिजे. मी तोंड धुतलं, शर्ट घातला आणि खाली उतरून शेजारच्या जिन्याने सेक्रेटरींना बोलवायला गेलो. ताबडतोब दुरुस्ती आणि पाइपाला हात न लावता, दोन्ही अटी मी कशा पाळल्या हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं अशी माझी इच्छा होती. मी येतोच आहे म्हणून बायको तेवढ्यात दार उघडंच ठेवून वाणसामान आणायला खाली उतरली.

आम्ही दोघं जिना चढून आलो तेव्हा आमचं दार सताड उघडं होतं आणि आई बाहेर, जिन्याच्या तोंडाशी उभी होती. हातात रिकामा कप. दुसरा हात तिने पुढे केला होता आणि तो हवेत काहीतरी शोधत होता, कमरेच्या उंचीवर, जिथे आमचा ओटा असायला हवा. तिचं पाऊल पायरीच्या कडेवर होतं.

मला हाक मारता येईना. हाक मारली आणि ती दचकली तर, असं वाटलं. सेक्रेटरी माझ्यापुढे होते. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एक क्षण थांबून विचार केला असावा, कारण ते सावकाश वर गेले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

"कोण आहे?" आई म्हणाली.

ते तिच्या इतके जवळ होते. मी त्यांच्या मागे होतो. दोघंही तिला दिसलो नाही.

"मी आहे, आई."

"हां, तू होय." तिने लगेच आवाज सावरला. "जरा वारा घ्यायला आले होते. आत उकडतंय फार." आणि कप पदराआड लपवला. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. नळ न बघताच ते खाली गेले.

आमच्या घराची रचना अशी आहे की आईच्या खोलीतून निघालं की पॅसेज लागतो. त्याच्या टोकाला डावीकडे स्वयंपाकघर आणि उजवीकडे बाहेरचं दार. पॅसेजला खिडकी नाही. मी तिथे उभा राहिलो आणि डोळे मिटले. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही कळेना. कानावर कुठूनच काही येत नव्हतं. मग मला दोरा आठवला, प्लॅस्टिकची बादली आठवली आणि सारखं रिकामं केलेलं तपेलं आठवलं. प्राध्यापक विचारत होते ना, नळामागे काय आहे. नळामागे माझी आई उभी होती, वर्षभर, आणि मी भिंत म्हणालो होतो.

मी तिच्याजवळ पलंगावर बसलो.

"किती दिसतं तुला?"

"दिसतं की."

"आई."

तिने माझ्या तोंडासमोर तोंड आणलं आणि मान थोडी हलवली, किल्लीच्या भोकातून कुणी बघावं तशी. "तुझं नाक दिसतं," ती म्हणाली. "आणि अर्धी मिशी. दुसरी अर्धी असेलच म्हणून धरून चालते."

मला हसू आलं आणि त्याच्याच मागोमाग रडू आलं. मी ते दोन्ही गिळायचा प्रयत्न केला आणि ते जमलं नाही.

"बोलली का नाहीस?"

"बोलले होते. सुरुवातीला. चष्म्याचं एकदा बघायला हवं म्हटलं होतं तुला. तू म्हणालास, जाऊ या की, पुढच्या आठवड्यात." ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. तसं म्हणाली असती तर बरं झालं असतं. "मला इतकं हायसं वाटलं रे तेव्हा. म्हटलं, चला, एक आठवडा मिळाला. मग तू विसरलास आणि मीही आठवण केली नाही. डॉक्टरकडे गेलं की ते काहीतरी म्हणणार. म्हटल्यावर ते खरं होतं. तोवर आपलं घरातल्या घरात, थोडं धुकं आहे, उद्या कमी होईल, असं चालतं. तुझ्या नळासारखंच. तू उद्या म्हणालास की मलाही एक दिवस मिळायचा."

मी इतकी वर्षं समजत होतो की माझा स्वभाव वडिलांवर गेला आहे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. रजेच्या अर्जात मी कारण लिहिलंच नाही. बाकांवर खूप माणसं होती. बसल्या बसल्या आई माझ्या कानाशी म्हणाली, "गर्दी फार आहे रे. परत जाऊ या का? उद्या येऊ." खरं सांगायचं तर मीही दाराकडेच बघत होतो. आत काय ऐकायला मिळणार हे आम्हा दोघांनाही साधारण कळलं होतं, आणि नाव पुकारलं जाईपर्यंत ते कुणी म्हणणार नव्हतं. मग मी तिचा हात धरला. म्हणजे एकाला पळायचं झालं, तरी दुसऱ्याला ओढत न्यावं लागलं असतं. चालढकलीवर मला सापडलेला उपाय एवढाच आहे. प्राध्यापकांनी तो पुस्तकात घ्यायला माझी हरकत नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ डोळ्यांत उजेड टाकून बघितलं. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. आई माझ्याकडे वळली, मी आईकडे.

"आम्ही पुढच्या आठवड्यात येणारच होतो," मी म्हणालो.

त्यांनी हे उत्तर पूर्वीही ऐकलं असावं. रागावल्या नाहीत. काचबिंदू आहे म्हणाल्या. डाव्या डोळ्याची नजर जवळजवळ गेली आहे, उजव्यात मधली तेवढी शिल्लक आहे. गेलेली परत येत नाही, कुठल्याच उपायाने नाही. राहिलेली सांभाळायची. थेंब घालायचे, रोज, ठरलेल्या वेळी, जन्मभर. एकही चुकवायचा नाही.

"लवकर आला असता तर," असं त्या म्हणायला लागल्या, आणि आईकडे बघून त्यांनी कागदावर औषधाचं नाव लिहायला घेतलं. उरलेलं वाक्य मला तेव्हापासून पूर्ण पाठ आहे. ऑफिसात, बसल्या बसल्या, कुणाच्या तरी जुन्या प्रकरणाची दोरी सोडताना ते मला ऐकू येतं, आणि मग ते प्रकरण मी त्याच दिवशी हातावेगळं करतो. साहेबांना माझी काळजी वाटू लागली आहे. त्या दिवशी परत येताना आई रिक्षात माझा हात धरून बसली होती. घराजवळ आल्यावर म्हणाली, "चांगल्या आहेत बाई. हात गरम होते त्यांचे."

प्लंबरला मी फोन केला. नळाचं काम आहे म्हणालो.

"परत गळायला लागला का साहेब?"

"नाही. तो गळता करून द्यायचा आहे. पूर्वीसारखा."

त्याने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग तो खरोखरच वाटेत असल्यासारखा आला. त्याने आयुष्यभर नळ बंद केले होते. गळका करण्याची ही पहिलीच वेळ, आणि ते अवघड निघालं. नवा वायसर सैल केला की धार लागायची, आवळला की काहीच नाही. शेवटी त्याने पिशवीच्या तळातून एक झिजलेला वायसर शोधून काढला. आई पलंगावर बसून कान देत होती आणि बायको पॅसेजमध्ये उभी राहून निरोप देत होती.

"जरा हळू म्हणताहेत."

प्लंबरने पाना थोडा फिरवला.

"आता फार हळू झालं. दोन थेंबांच्या मध्ये पाऊल चुकेल म्हणतात."

हीच माझी बायको वर्षभर त्या थेंबावर कावली होती. ती आत आली, तिने स्वतः तपेलं घासून लख्ख केलं आणि नळाखाली ठेवलं. टण् झालं.

"हां," आई खोलीतून म्हणाली. "असाच होता."

मग ती उठली आणि भिंतीला हात न लावता पॅसेज पार करून डावीकडे वळली. येऊन तिने ओट्यावर हात टेकला. प्लंबर उगाचच आपली पिशवी आवरत राहिला.

आवाज सेक्रेटरींच्या न्हाणीघरात गेलाच असणार, कारण संध्याकाळी ते दारात हजर झाले. हातात नोटीस होती. पाण्याची नासाडी, ताबडतोब, वगैरे. मी दारातच सगळं सांगून टाकलं. पाणी मोजून झाडांना जाईल, झाडं मेली तर भांडी त्याच पाण्याने घासू, हवा तर समितीपुढे अर्ज करतो, विषय: नळ गळका ठेवणेबाबत. ते ऐकत होते. आतून टण् झालं, आणि त्यांची नजर जिन्याच्या तोंडाकडे गेली, जिथे त्यांनी आईचा दंड धरला होता.

त्यांनी नोटीस घडी करून खिशात घातली.

"बघू," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात."

तो आठवडा अजून आलेला नाही.

थेंब मीच घालतो. सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्या आल्या, बूट काढायच्याही आधी. आई खुर्चीत मान मागे टाकून बसते आणि मी तिच्यावर वाकतो. त्या वेळी मी तिला सर्वांत जास्त दिसतो. मिशी अजून अर्धीच आहे म्हणते. कधी ती नुसती बघत राहते आणि मी थांबतो, कारण हे बघणं पुढे टाकण्यासारखं नाही, ते आम्हा दोघांनाही आता कळलं आहे. डॉक्टरांनी राहिलेलं टिकेल असं नक्की सांगितलेलं नाही.

काल उजव्या डोळ्यात थेंब घालून झाला तेव्हा आतून टण् झालं. डोळे मिटल्या मिटल्या आई म्हणाली, "काय रे, तो नळ कधी दुरुस्त करणार आहेस?"

"उद्या," मी म्हणालो, आणि तिच्या डाव्या डोळ्याची पापणी हळूच वर धरली.